माशाचा कल्ला काय सांगतो?

रात्री टाकीत मजेत पोहणारे मासे सकाळी उलटे तरंगताना दिसले, की संशय आधी रोगावर जातो. पण एका रात्रीत सगळेच दगावले असतील, तर आधी पाणी तपासायला हवे.

नुकत्याच मेलेल्या माशाच्या कल्ल्यावरचे झाकण हलकेच उचलून पाहावे. निरोगी कल्ले लालभडक असतात. पाण्यात नायट्राइट वाढले असेल, तर ते चॉकलेटी दिसतात, कारण रक्ताला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही.

मग फिल्टर. अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू त्याच्या स्पंजवर वसतात. नव्या टाकीत ते रुजायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. स्पंज नळाखाली धुतला, की क्लोरीनने ते मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळावा.

मासे पहाटे वर येऊन तोंड उघडत होते? मग ऑक्सिजन कमी पडला असेल; गरम पाण्यात तो कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साडेसातच.

खोलीत डासांचा स्प्रे मारला होता का, हेही आठवावे. त्यातली पायरेथ्रॉइड औषधे माशांना अतिशय घातक असतात आणि एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात सोडतो.

तातडीचा उपाय: पाव ते निम्मे पाणी बदलणे. नवे पाणी क्लोरीनमुक्त आणि त्याच तापमानाचे हवे.