गळ टाकण्याआधी पाणी ओळखा

पावसाने मांजरा भरली की केज तालुक्यातील युसूफ वडगाव परिसरात हौशी मंडळींच्या हातात काठी, तंगूस आणि गळ दिसू लागतात. नेहमीच्या मच्छीमाराला पाण्याची खोली ठाऊक असते, सुट्टीला आलेल्या पाहुण्याला ती नसते. गळ टाकणे दोन दिवसांत जमते, पाणी ओळखायला मात्र वेळ लागतो.

धनेगावच्या मांजरा धरणातील पातळी दरवर्षी बदलते. २०१६ साली धरण आटले, तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. उन्हाळ्यात जिथून माणसे चालत जातात, तिथे पावसानंतर पुरुषभर पाणी असू शकते. तळाचा गाळ आणि खड्डे वरून दिसत नाहीत. दरवाजे उघडल्यावर खालच्या पात्रात पाणी झपाट्याने चढते.

परदेशात आणि आपल्याकडे काश्मीर-हिमाचलच्या थंड नद्यांत ट्राउट मासा खोट्या माशीच्या गळाने धरतात. अनोळखी नदीत उतरणारा जाणता माणूस आधी काठीने तळ चाचपतो, मगच पाऊल टाकतो. दोरी फेकताना गळ डोक्यामागून फिरतो, म्हणून तो चष्माही लावतो. या दोन्ही सवयी मांजरेकाठीही उपयोगाच्या आहेत. गळ फेकण्यापूर्वी मागे कोणी मूल उभे नाही ना, हे पाहावे.

गळाच्या टोकाला उलटा काटा असतो. बोटात रुतलेला गळ ओढून काढू नये, मांस फाटते. तंगूस कापावी, गळ हलू न देता दवाखाना गाठावा. गळ डोळ्यात गेला असेल तर चोळू नये, दाबू नये, थेंब टाकू नयेत. डोळ्याला न टेकेल असा कागदी पेला वरून झाकून लगेच नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. जखम लहान असली तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावे. शिंगी माशाचा काटा टोचला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवल्याने वेदना कमी होतात. पाणी चटका देणारे नसावे.

कोणी बुडत असेल तर पोहता येते म्हणून लगेच उडी मारू नये. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि दोघेही जातात. काठावरूनच दोरी, लांब काठी, साडी किंवा बूच लावलेला रिकामा कॅन द्यावा. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबण्यात, उलटे धरून फिरवण्यात वेळ घालवू नये. त्याला उताणे झोपवून तोंडाने श्वास द्यावा आणि छातीच्या मध्यभागी दाब द्यावा: ३० दाब, २ श्वास. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. मदत येईपर्यंत थांबू नये.

म्हणूनच गळ टाकायला एकट्याने जाऊ नये. सोबत एक माणूस आणि एक लांब दोरी असावी. मासा उद्याही मिळेल.