पर्यावरणीय धोक्यांसंबंधी आरोग्यसंवादाचे नियोजन

पर्यावरणीय धोक्यांसंबंधी आरोग्यसंवादाचे नियोजन म्हणजे अतिउष्णता, दूषित पाणी, धूळ, धूर, विषारी रसायने अशा धोक्यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या लोकसमूहांपर्यंत आरोग्यरक्षणाची माहिती योग्य वेळी, समजेल अशा भाषेत आणि आचरणात आणता येईल अशा स्वरूपात पोहोचवण्याची पद्धतशीर पूर्वतयारी होय. सार्वजनिक आरोग्य, हवामानशास्त्र, समाजशास्त्र आणि भाषाव्यवहार या क्षेत्रांचा त्यात संगम होतो. प्रस्तुत लेखात नागपूर जिल्ह्यातील रामटेक तालुका आणि तेथील उन्हाळा हे उदाहरण घेऊन या नियोजनाची तत्त्वे स्पष्ट केली आहेत.

स्वरूप

सूचना देणे आणि संवाद साधणे या दोन भिन्न क्रिया आहेत. सूचनेत माहिती एका बाजूने निघते व दुसऱ्या बाजूला पोहोचली असे गृहीत धरले जाते. संवादात ऐकणाऱ्याचे प्रश्न, शंका व अडचणी परत येतात आणि त्यांनुसार मूळ संदेश बदलतो. "दुपारी बारा ते तीन या वेळेत उन्हात जाऊ नये" हा सल्ला वैद्यकीयदृष्ट्या अचूक आहे. तथापि ज्याची मजुरी त्याच वेळेतील कामावर अवलंबून आहे, त्याच्या दृष्टीने तो अपुरा ठरतो. सल्ला पाळण्याचे साधन ऐकणाऱ्याच्या हाती असेल, तरच आरोग्यसंवाद पूर्ण होतो. म्हणून संदेशाचे शब्द आणि पाणी, सावली, विश्रांती, औषधोपचार यांची व्यवस्था या दोहोंचे नियोजन एकत्र करावे लागते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात आरोग्यविषयक उपाय आणि लोकांचा विश्वास यांतील संबंध १८९७ च्या पुण्यातील प्लेगच्या साथीत ठळकपणे दिसून आला. रोगप्रसार रोखण्यासाठी लष्कराकरवी घरांची झडती घेण्यात आली आणि रुग्णांना सक्तीने हलवण्यात आले. लोकांना विश्वासात न घेता राबवलेल्या या उपायांविरुद्ध तीव्र असंतोष निर्माण झाला. २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर केलेला हल्ला याच पार्श्वभूमीवर घडला.

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळ येथे मिथाइल आयसोसायनेट वायूची गळती झाली. कारखान्याच्या परिसरात राहणाऱ्यांना तेथे कोणते रसायन आहे आणि गळती झाल्यास काय करावे, याची माहिती नव्हती. या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्या कारखानदाराने कामगारांना व परिसरातील जनतेला धोक्याची माहिती देणे त्यानुसार बंधनकारक झाले.

माहिती उपलब्ध असूनही ती पोहोचत नाही, याचे उदाहरण विदर्भातच आढळते. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीमुळे विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. कीटकनाशकाच्या वेष्टनावर विषारीपणा दर्शवणारा रंगीत त्रिकोण छापणे नियमाने आवश्यक आहे. लाल रंग सर्वाधिक विषारी द्रव्याचा निदर्शक असतो. परंतु बारीक अक्षरांतील मजकूर आणि रंगांचा संकेत फवारणी करणाऱ्या मजुरापर्यंत पोहोचेलच, अशी खात्री देता येत नाही. पुष्कळदा बाटली विकत घेणारा एक आणि फवारणी करणारा दुसराच असतो.

उष्णतेच्या बाबतीत मे २०१० मधील अहमदाबादची लाट महत्त्वाची मानली जाते. त्या महिन्यात तेथे नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले, असे नंतरच्या अभ्यासात आढळले. त्यानंतर २०१३ मध्ये अहमदाबाद महानगरपालिकेने उष्णता कृती आराखडा लागू केला. पूर्वसूचना, लोकजागृती, आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि विविध विभागांतील समन्वय हे त्याचे मुख्य भाग होते. पुढे नागपूरसह अनेक शहरांनी असे आराखडे तयार केले.

रामटेक तालुक्यातील परिस्थिती

रामटेक हे नागपूरच्या ईशान्येस सुमारे ५० किलोमीटर अंतरावर वसलेले तालुक्याचे ठिकाण आहे. गडावरील राममंदिरामुळे व कालिदासाच्या 'मेघदूता'शी जोडलेल्या परंपरेमुळे ते प्रसिद्ध आहे. तालुक्याच्या उत्तरेस देवलापार परिसर व पेंचचे जंगल असून तेथे गोंड आदिवासींची वस्ती आहे. मनसर व कांद्री येथे मँगनीजच्या खाणी आहेत. मध्य प्रदेशाच्या सीमेलगतच्या गावांत मराठीबरोबर हिंदीही बोलली जाते.

नागपूर जिल्ह्यात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे नवीन नाही. भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश असून ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी अधिक असल्यास उष्णतेची लाट मानली जाते. प्रत्यक्ष तापमान ४५ अंश किंवा त्याहून अधिक झाल्यासही लाट समजली जाते. ४७ अंशांवर ती तीव्र ठरते. इशाऱ्याची तीव्रता हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल या रंगांनी दर्शवली जाते.

लोकांची स्वतःची उष्णतेची गणना मात्र वेगळी असते. सूर्य रोहिणी नक्षत्रात आल्यानंतरचे, साधारणतः २५ मेपासूनचे नऊ दिवस या भागात 'नवतपा' म्हणून ओळखले जातात. ही संज्ञा सर्वपरिचित असल्याने संवादात तिचा उपयोग होतो. तिच्यातील उणीव अशी की, उष्माघाताचा धोका नवतप्याची वाट पाहत नाही. मार्च व एप्रिलमध्ये शरीर उन्हाला सरावलेले नसल्याने आरंभीच्या लाटाही घातक ठरू शकतात.

नियोजनाचे टप्पे

१. श्रोत्यांची विभागणी

'जनता' हा एकसंध श्रोता नसतो. रामटेक तालुक्यात उन्हाळ्यात धोक्यात येणारे गट निरनिराळे आहेत: मोहफुले व तेंदूपाने गोळा करणारी कुटुंबे, रोजगार हमीच्या कामावरील मजूर, वीटभट्टीवरील व खाणींतील कामगार, रामनवमीला गडावर येणारे भाविक, पत्र्याच्या घरात राहणारे वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले. यांपैकी वृद्धांना घराबाहेर न पडताही उष्णतेचा त्रास होऊ शकतो. त्यामुळे 'बाहेर जाऊ नका' हा संदेश त्यांना लागू पडत नाही. त्यांच्यासाठी शेजाऱ्यांनी दिवसातून दोनदा विचारपूस करणे हा अधिक उपयुक्त सल्ला होय.

२. पूर्वसमजुतींचा अभ्यास

संदेश लिहिण्यापूर्वी लोक काय मानतात व काय करतात, हे जाणून घेणे आवश्यक असते. 'ऊन लागणे' किंवा 'लू लागणे' या रूढ शब्दप्रयोगांत साध्या थकव्यापासून प्राणघातक उष्माघातापर्यंतच्या सर्व अवस्था येतात. परिणामी गंभीर अवस्था ओळखण्यास विलंब होऊ शकतो. खिशात कांदा ठेवण्याची प्रथा निरुपद्रवी आहे. मात्र तिच्यावर विसंबून पाणी न घेता बाहेर पडणे धोक्याचे होय. याउलट कैरीचे पन्हे, मीठ घातलेले ताक आणि डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा या सवयी वैद्यकीय सल्ल्याशी जुळणाऱ्या असल्याने त्यांचा आधार घ्यावा. स्त्रिया कामाच्या ठिकाणी शौचालय नसल्यामुळे पाणी कमी पितात, ही बाब केवळ विचारपूस केल्यावरच पुढे येते. तेथे पाण्याचे महत्त्व पुन्हा सांगण्यापेक्षा आडोशाची सोय करणे अगत्याचे ठरते.

३. संदेशाची रचना

चांगला संदेश थोडा, ठोस आणि कृतिदर्शक असतो. उष्माघाताच्या बाबतीत पुढील मजकूर पुरेसा मानता येईल: अंग तापलेले असून व्यक्ती असंबद्ध बोलू लागली, तिचा तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. तिला त्वरित सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, मान, काखा व जांघांवर ओले कापड ठेवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसलेल्या व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये.

जलसंजीवनीची कृतीही मापांसह सांगावी लागते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ हे प्रमाण असून चमचा चहाचा समजावा. 'चवीपुरते मीठ' असे सांगितल्यास प्रमाण चुकण्याचा संभव असतो.

४. पूर्वचाचणी

तयार झालेला मजकूर, चित्र वा ध्वनिफीत प्रथम थोड्या लोकांना दाखवून 'यावरून तुम्ही काय कराल?' असे विचारले जाते. 'समजले का?' या प्रश्नाला बहुधा होकारार्थी उत्तर मिळते. पहिल्या प्रश्नातून मात्र खरा अर्थबोध कळतो. 'निर्जलीकरण', 'अतिनील किरणे', 'ऑरेंज अलर्ट' असे शब्द याच टप्प्यावर गळून पडतात किंवा त्यांना बोलीतील पर्याय सापडतात. रंगांच्या इशाऱ्यांबाबतही हेच लागू होते. 'नारिंगी' म्हणजे आज काम किती वाजता थांबवायचे, हे सांगितल्यावाचून त्या रंगाला अर्थ प्राप्त होत नाही.

५. माध्यमांची निवड

ग्रामीण भागात आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, शाळा, ग्रामसभा, दवंडी, आठवडी बाजार, आकाशवाणी व भ्रमणध्वनीवरील संदेश ही सर्व माध्यमे उपयोगी पडतात. प्रत्येकाचा उपयोग मात्र वेगळा असतो. उद्याच्या लाटेची सूचना देण्यास दवंडी व भ्रमणध्वनी योग्य ठरतात. समजूत बदलण्यासाठी परिचित व्यक्तीशी प्रत्यक्ष बोलणे अधिक परिणामकारक असते. गोंडीभाषक वृद्धांशी त्यांच्याच भाषेत बोलणारी व्यक्ती असणे इष्ट होय. कामाच्या ठिकाणी मुकादम हाच सर्वांत जवळचा संदेशवाहक असतो. रोजगार हमीच्या कामावर पिण्याचे पाणी, सावली व प्रथमोपचार पेटी पुरवण्याची तरतूद कायद्यात आहे. ही गोष्ट मजुरांना ठाऊक करून देणे हाही आरोग्यसंवादाचाच भाग आहे.

परस्परविरोधी सूचना

एकाच समूहापुढे एकाहून अधिक धोके उभे असतात तेव्हा निरनिराळ्या विभागांच्या सूचना परस्परांना छेद देऊ शकतात. रामटेकच्या वनालगतच्या गावांत याचे लक्षणीय उदाहरण दिसते. मोहाची फुले रात्री व पहाटे गळतात, म्हणून ती वेचण्यासाठी माणसे झुंजुमुंजू होताच जंगलात शिरतात. तेंदूपाने तोडण्याचे कामही सकाळीच चालते. उन्हापासून बचावासाठी 'लवकर जा, लवकर परता' असे आरोग्य विभाग सुचवतो. वाघ, बिबट्या व अस्वल यांच्या वावरामुळे 'उजाडण्यापूर्वी व एकट्याने जंगलात जाऊ नका' असा इशारा वन विभागाकडून दिला जातो. दोन्ही सूचना आपापल्या जागी रास्त असल्या, तरी त्या पाळायच्या कशा हे ठरवण्याचा भार वेचणाऱ्या स्त्रीवर येऊन पडतो.

अशा वेळी दोन्ही विभागांनी गावकऱ्यांसह बसून एकच वेळापत्रक ठरवणे हा नियोजनाचा मार्ग आहे: पूर्ण उजाडल्यावर गटाने जावे, वाकून काम करताना एकाने आळीपाळीने लक्ष ठेवावे, पाणी बरोबर न्यावे आणि ऊन चढण्यापूर्वी परतावे. यात कामाचे तास घटतात व त्याबरोबर उत्पन्नही घटते. ही घट भरून काढण्याचा विचार न केल्यास संयुक्त सूचनाही कागदावर राहण्याचा संभव असतो.

विश्वासार्हता

इशारा मानला जाणे हे इशारा देणाऱ्याच्या विश्वासार्हतेवर अवलंबून असते. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दर्शवले आणि ही बातमी सर्वत्र पसरली. संवेदकातील बिघाडामुळे ती नोंद चुकीची असल्याचा खुलासा हवामान विभागाने केला. असा खुलासा तत्परतेने व कारणासह केल्यास पुढील इशाऱ्यांवरील विश्वास टिकून राहतो.

केवळ तापमानाच्या आकड्यावर भर देणेही दिशाभूल करू शकते. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्कार वितरणाच्या खुल्या मैदानावरील सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. विदर्भातील मे महिन्याच्या मानाने तेथील पारा कमी होता. परंतु दमट हवा, गर्दी आणि दीर्घकाळ उन्हात बसणे यांमुळे धोका वाढतो. यात्रा, सभा व मिरवणुका यांच्या संयोजकांसाठी स्वतंत्र संदेश असावा, हे यावरून स्पष्ट होते.

मूल्यमापन

किती पत्रके वाटली व किती सभा घेतल्या, यावरून कार्यक्रमाचा आवाका कळतो, परिणाम कळत नाही. परिणाम जाणण्यासाठी लोकांना उष्माघाताची लक्षणे सांगता येतात का, कामाच्या वेळा प्रत्यक्ष बदलल्या का, पाण्याची सोय झाली का, रुग्ण दवाखान्यात पूर्वीपेक्षा लवकर पोहोचतात का, हे तपासावे लागते. जागृती वाढल्यावर आरंभी रुग्णांची नोंद वाढलेली दिसू शकते. पूर्वी 'ताप' वा 'हृदयविकार' म्हणून नोंदले जाणारे प्रसंग ओळखले जाऊ लागल्याचा तो परिणाम असू शकतो. त्यावरून कार्यक्रम फसला असे अनुमान काढणे योग्य नव्हे.

मर्यादा

उष्णतेची लाट काही दिवसांत ओसरते व तिचा परिणाम डोळ्यांपुढे दिसतो. खाणीतील धुळीसारखे धोके संथ असतात. मँगनीजयुक्त धूळ दीर्घकाळ श्वासावाटे शरीरात गेल्यास मज्जासंस्थेवर परिणाम होऊन कंपवातासारखी लक्षणे उद्भवू शकतात. परंतु ती दिसण्यास वर्षे लागतात. अशा धोक्यांबाबत एका हंगामाची मोहीम पुरेशी नसते, नियमित तपासणी व तिचे निष्कर्ष कामगारांना समजावून सांगणे आवश्यक असते.

आरोग्यसंवाद कितीही उत्तम असला, तरी तो पाणीपुरवठा, निवारा, मजुरी व प्रदूषण नियंत्रण यांची जागा घेऊ शकत नाही. धोका निर्माण करणाऱ्या वा टाळू शकणाऱ्या यंत्रणांवरील जबाबदारी सामान्य माणसाच्या सावधगिरीवर ढकलली जाणे, हा या क्षेत्रातील मोठा दोष मानला जातो. म्हणून प्रत्येक संदेशाबरोबर लोकांनी काय करावे याइतकेच प्रशासन, मालक व संयोजक काय करणार आहेत, हेही जाहीर करणे नियोजनात अंतर्भूत असावे.