पुच्छपंखांचे वैभव

दुसऱ्या महायुद्धातील लॉकहीडच्या ‘पी-३८’ या जुळ्या शेपटीच्या लढाऊ विमानाने जनरल मोटर्सचे रचनाप्रमुख हार्ले अर्ल यांच्या मनावर जी मोहिनी घातली, तिचा पहिला आविष्कार १९४८ च्या कॅडिलॅकच्या पार्श्वभागी पुच्छपंखांच्या रूपाने प्रकटला. आणि १९५७ साली क्रायस्लरने उंच पंखांच्या गाड्या काढून उघड आव्हान दिल्यावर, १९५९ मध्ये त्या पुच्छपंखांनी पराकाष्ठा गाठली. त्या वर्षीची ‘एल्डोराडो बियारिट्झ’ ही उघडझाप टपाची, पावणेएकोणीस फूट लांबीची कॅडिलॅक खरोखरच राजेशाही होती : प्रत्येक पंखावर बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे जोड लाल दिवे, आणि बॉनेटखाली तीन कार्ब्युरेटरांचे, ३४५ अश्वशक्तीचे इंजिन. अशा गाड्या अवघ्या १,३२० निघाल्या.

तिचा जीर्णोद्धार म्हणजे नुसती रंगरंगोटी नव्हे. पक्के छप्पर नसल्याने, तळाचा गंजका पत्रा कापण्यापूर्वी कारागिरांना आतून आधाराच्या दांड्या जोडाव्या लागतात. एरवी बांधा वाकून दारे बसेनाशी होतात. बंपरांचा जुना मुलामा उतरवून तांबे, निकेल व शेवटी क्रोमियम असे थर चढवतात, आणि हा अखेरचा थर इतका पातळ असतो की खालचा बारीकसा ओरखडाही त्यात लपत नाही.

मूळची हवेवर तोललेली सस्पेन्शन-व्यवस्था गळतीमुळे बदनाम झाली व अनेक मालकांनी साध्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. ती सोय समजण्यासारखी आहे. परंतु ज्या कारागिराने ती हवेची यंत्रणा पुन्हा कार्यक्षम केली, त्याचेच काम मी अस्सल मानतो.