दफ्तराच्या याद्या, डेटाबेस व कालनिर्णय

दफ्तरांतील कागदांच्या याद्या संगणकावर घेण्याचें काम अनेक संग्राहकांनीं हातीं घेतलें आहे. अशी यादी रिलेशनल डेटाबेसांत, म्हणजे परस्परांशीं क्रमांकानें बांधलेल्या कोष्टकांत, ठेवावी असें आमचें मत आहे. कागदांचें कोष्टक एक, व्यक्तींचें दुसरें, स्थलांचें तिसरें. राधानगरीचेंच उदाहरण घेऊं. राजर्षि शाहू छत्रपतींनीं आपल्या कन्या राधाबाई यांचें नांव या गांवास विसाव्या शतकाच्या आरंभीं दिलें. तेव्हां पेशवाईकालीन कागदांत तें शोधणें व्यर्थ होय. स्थलांच्या कोष्टकांत जुनीं-नवीं नांवें एकाच क्रमांकाखालीं नोंदविलीं म्हणजे ही अडचण एकदांच सुटते.

यादीवरून कांहीं मोजावयाचें, उदाहरणार्थ कोणत्या सालीं कोणाचीं किती पत्रें, तर डेटाबेस 'आर'सारख्या पृथक्करणाच्या साधनास जोडावा लागतो. सोपी वाट म्हणून कित्येक जण सारी यादी एका फाइलींत उतरवून एक्सेलमध्यें उघडतात. ही नक्कल झाली, आणि नकलेचे दोष पोथ्या हाताळणारांस सांगावयास नकोत. लेखकू थकून चुकतो. यंत्र शहाणपणा करून चुकतें. तिसऱ्या रुमालांतील बारावा कागद म्हणून इंग्रजी आंकड्यांत लिहिलेला '३-१२' त्यास तारीख वाटतो. उलट १९०० पूर्वींची खरी तारीख त्यास तारीख म्हणून कळत नाहीं.

यास्तव थेट जोडणीच करावी. तीस ओडीबीसी ड्रायव्हर हा दुभाष्या लागतो. त्यास सर्व्हरचें नांव, पोर्ट (पोस्टग्रेएसक्यूएलचा प्रघात ५४३२), डेटाबेसाचें नांव, वापरणाराचें नांव व परवलीचा शब्द द्यावयाचा. वापरणारास अधिकार केवळ वाचण्याचा असावा. मूळ प्रतींत हात घालण्याची मुभा अभ्यासकास कशाला? कोष्टकांची जुळणी डेटाबेसांतच 'व्ह्यू' रूपानें करून ठेवावी. ती 'लेफ्ट जॉइन'नें करावी, नाहीं तर ज्यांचें स्थल लागलें नाहीं ते कागद निमूटपणें गळतात.

सर्वांत नाजूक प्रश्न काळाचा. सुहूर सन मृगापासून मृगापर्यंत चालतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे ११६१; एवढाच उल्लेख असलेला कागद इ. स. १७६० च्या मृगापासून १७६१ च्या मृगापर्यंत केव्हांचाहि असूं शकेल. सरसकट ५९९ मिळवून १७६० हें एकच साल यंत्रास दिलें, तर पानिपतानंतरचीं (१४ जानेवारी १७६१) पत्रें युद्धापूर्वींच्या गणनेंत शिरतात, व त्यावर उभारलेला सिद्धान्त पोकळ ठरतो. म्हणून आरंभमर्यादा व अंतमर्यादा असे दोन रकाने ठेवावे, आणि तिसऱ्यांत मूळ मिति अक्षरशः उतरावी.

आणखी एक. हीं साधनें नवी ग्रेगरी पद्धत मागील सर्व काळास लावतात. आपल्या ग्रंथांतील सतराव्या शतकाच्या तारखा मात्र प्रायः जुन्या जूलियन पद्धतीच्या आहेत. ६ जून १६७४, शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाचा दिवस, यंत्र बुधवार सांगतें. त्या दिवशीं शनिवार उजाडला होता. दहा दिवसांचा हा फरक १७०० मध्यें अकरा झाला, व इंग्रजांनीं नवी पद्धत १७५२ सालीं स्वीकारली. तेव्हां तारीख कोणत्या पद्धतीची हेंहि नोंदवावें. कागदांत वार दिला असल्यास तो यंत्राच्या वाराशीं ताडावा, व न जुळल्यास मूळ कागद पुनः उलगडून पाहावा.