लाल मातीतली तुटक रेघ

प्राणहितेच्या खोऱ्यात प्राचीन प्राण्यांची हाडं सापडल्याच्या बातम्या वाचून एका वाचकांनी विचारलं आहे : तिकडे जिकडेतिकडे लाल मातीच, मग हाड किती जुनं ते कळतं कसं?

हाडापेक्षा नकाशावरून. आणि नकाशा काढणाऱ्याची बातमी सहसा होत नाही.

या खोऱ्यातले थर ईशान्येकडे थोडे झुकलेले आहेत, कपाटात कलंडलेल्या पुस्तकांसारखे. नैऋत्येकडून चालत निघालं की एकेका पुस्तकाची कड पायाखालून जाते आणि पुढचं प्रत्येक पुस्तक आधीच्यापेक्षा नवं असतं. वालुकाश्म टणक, त्यामुळे त्याचे उंचवटे टिकतात. होकायंत्र आणि क्लिनोमीटर लावून त्याची दिशा आणि उतार मोजता येतो. चिकणमातीचं तसं नाही. ती झिजून सपाट होते, वर शेती उभी राहते. मग नाल्याची तुटलेली कड, विहिरीतून उपसलेला ढिगारा, अगदी वारुळाची मातीसुद्धा तपासावी लागते. वाळवी फुकटात खालचा नमुना वर आणून ठेवते!

जुन्या नकाशांत ही लाल माती ‘मालेरी’ या एकाच नावाखाली जात असे. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ पामेला रॉबिन्सन यांना आपण स्थापन केलेल्या कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये बोलावलं (संख्याशास्त्राच्या संस्थेनं डायनोसॉर खणावेत, हे मला फार आवडतं) आणि तिथल्या मंडळींनी हा प्रदेश पायी पालथा घातला. लाल माती एक नव्हे, दोन निघाल्या. मध्ये भीमारम वालुकाश्माचा पट्टा. खालची येर्रापल्ली, वरची मालेरी. खालच्या मातीत वाडियासॉरस हा शाकाहारी प्राणी, वरच्या मातीत नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचं नाव मिळालेला, सुसरीसारखा पॅरासूकस हिस्लॉपी. दोघांत एक कोटीहून अधिक वर्षांचं अंतर. मधला वालुकाश्म नजरेतून सुटला असता, तर दोघे शेजारी ठरले असते.

या थरांची नीट मांडणी करणारा, त्याच संस्थेतल्या टी. एस. कुट्टी यांचा लेख 1969चा. पुढे 1975मध्ये बारापासॉरस या डायनोसॉरला नाव देणाऱ्या चौघांतही ते होते. तो अवाढव्य सांगाडा आज कोलकात्यात उभा आहे, लोक त्याच्यासोबत फोटो काढतात. 1969च्या लेखासोबत कोण काढणार?

नकाशावर दोन थरांची सीमा डोळ्यांनी पाहिली असेल तर सलग रेघ काढतात; मातीखाली दडलेली, अंदाजानं ठरवलेली असेल तर तुटक. बातमीत हाडाच्या वयाचा छातीठोक आकडा दिसला की मी आधी विचारतो, तिथली रेघ कुठली आहे?