रास्पबेरी पायवर ‘मुस्तफा’ सुरूच होत नाही? आधी हे तपासा

व्हिडिओ गेम पार्लरमधला ‘मुस्तफा’ आठवतोय? त्याचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉमचा १९९३ चा गेम. तो घरी खेळायला रेट्रोपाय टाकलं, फाइल कॉपी केली; पण स्क्रीन क्षणभर काळी होते आणि परत मेन्यू! फाइल खराबच असेल असं नाही.

१. व्हर्जन जुळतंय का? रॉम म्हणजे मूळ मशीनच्या चिप्समधला डेटा. ‘मेम २००३’ला ०.७८ व्हर्जनचा रॉमसेट लागतो. नव्या मेमसाठीची फाइल तिथे चालेलच असं नाही.

२. झिप फाइलचं नाव बदललंय का? इम्युलेटर त्या नावावरूनच गेम ओळखतो. झिप उघडायचीही गरज नाही.

३. बायोस आहे का? ‘मेटल स्लग’सारख्या निओ जिओ गेम्सना ‘निओजिओ’ ही वेगळी झिप त्याच फोल्डरमध्ये लागते.

४. गेम अडखळतोय, कोपऱ्यात विजेचं चिन्ह दिसतंय? मग पॉवर कमी पडतेय. मोबाइलचा चार्जर काढा. पाय ४ साठी ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर लावा.

आणि हो, गेम जुना झाला तरी कॉपीराइट संपत नाही. इंटरनेटवर फुकट मिळालेला रॉम कायदेशीर असेलच असं नाही.