शाळेचा पट्टा पडला

गळीत हंगाम संपला की आपण टन मोजतो, उतारा पाहतो. यंदा आम्ही शेवटच्या दिवशी तळावरच्या साखरशाळेत जाऊन बसलो आणि पोट धरून हसलो.

बाईंनी फळ्यावर गणित घातले : एका मोळीत १२ ऊस, तर ५ मोळ्यांत किती? दुसरीतला एक गडी उठला. "मोळी कुणी बांधली, बाई? आईची मोठी आसती." आता काय सांगणार! पुढे एकीला तिचे गाव विचारले, तर म्हणते, "दिवाळीच्या आधीचं का नंतरचं?" पोरगी चुकली नव्हती. बीडकडची ही पोरे पहिले सत्र गावाकडे आणि दुसरे कोपीत काढतात. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क दिला खरा, पण आपल्याच फडात वाढे गोळा करणारे, धाकटे भावंड कडेवर घेतलेले पोर आपण पाहतोच की! मुकादमाच्या कानावर एक शब्द घालायला आपल्याला जड का जावे?

असो. भोंगा वाजला तशी पहिलीतली चिमुरडी म्हणाली, "बाई, साळंचा बी पट्टा पडला का?" बाईंनी हसत हसतच डोळे पुसले. मग एकेकाच्या हातात शिक्षण हमी कार्ड दिले. गावच्या शाळेत ते दाखवायचे, म्हणजे शिक्षण तुटत नाही. तो मोळीवाला गडी कार्ड उलटून-पालटून बघत राहिला.

"बाई, ह्याच्यावर उचल किती मिळती?"